साहेबांनी टोपी काढली की

ब्रॅकेनथॉर्प, ११ जुलै १९३३

हेस्टरताई,

अक्षर ओळखून हे पत्र शेगडीत टाकू नकोस. आईच्या दफनाला तू आली नाहीस, कारण हॅल्डन हॉलवर शिकारीच्या पाहुण्यांना वाढायला तू हवी होतीस. त्यावर मी तुला जे लिहिलं ते लिहिलं. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाहीये, पण आज तो विषय नाही. आज मला तुझी गरज आहे.

पेपरात तू वाचलंच असशील. तुमच्याकडे साहेबांपुढे जायच्या आधी पेपरावर इस्त्री फिरते, तेव्हा मथळा तुझ्या नजरेतून सुटला नसणार. शनिवारी सामन्यात तुझ्या मेहुण्याचा, आमच्या एनॉकचा बॉल त्या रूपर्ट स्टेव्हलीच्या कानामागे बसला. लॉर्डाचा मुलगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. खाली पडला तो उठला नाही, अजून इस्पितळात बेशुद्ध आहे. आणि काल सकाळी आमच्या दारावर कुणीतरी खडूने ‘खुनी’ लिहून गेलं. मी ते पुसलं, पण आमच्या पोरीने, विनीने, शाळेत जाताना वाचलं होतं.

तुला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून नीट सांगते. आमचे कॅप्टन म्हणजे तुझे मिस्टर लायोनेल. तुझ्या बाईसाहेबांचे चिरंजीव. एखादा फलंदाज टिकून राहिला की ते आपली पट्ट्यापट्ट्यांची टोपी काढतात आणि कमरेला खोचतात. हा एनॉकला इशारा. मग त्याने यष्ट्यांवर टाकायचं नाही, माणसावर टाकायचं. आखूड टप्पा, बरगडीशी उसळणारा. ऑस्ट्रेलियात गेल्या हिवाळ्यात एवढी बोंबाबोंब झाली ती याच प्रकारावरून. आमच्या टीममधल्या प्रत्येक पगारी माणसाला हा इशारा ठाऊक आहे, पण त्यातला एक जण तोंड उघडेल तर शपथ. सगळ्यांचे करार सप्टेंबरात संपतात ना!

मे महिन्यापासून हेच चाललं होतं बाई. एका गिरणीतून आलेल्या फलंदाजाची बरगडी मोडली, तेव्हा त्याच पॅव्हेलियनमधून टाळ्या पडल्या. दुसऱ्याच्या हाताची बोटं गेली, त्याच्या बायकोला मी ओळखते. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. ते आपल्यासारखेच, मागच्या फाटकातून मैदानावर येणारे, फलकावर ज्यांची आद्याक्षरं साहेबांसारखी आडनावाआधी नाही, नंतर लागतात ते. पुढच्या फाटकातून येणारं एक डोकं फुटलं, आणि लगेच सगळ्यांना आठवलं की याला खिलाडूपणा म्हणत नाहीत.

आणि ताई, एनॉक थांबला होता गं. त्या पोराकडे बघून तो कॅप्टनकडे चालत गेला. म्हणाला, “सर, हा नवखा आहे. याला नीट वाकतासुद्धा येत नाही.” तर मिस्टर लायोनेल म्हणाले, “थ्रॉसल, विचार करायचं काम माझं. तू टाक.”

मग त्याने टाकला.

सोमवारी क्लबच्या समितीपुढे बोलावलंय. तुझ्या घरात काय बोललं जातंय, ते फक्त मला कळव. दुसरं काही मागत नाही.

लॉटी


१९ जुलै

हेस्टरताई,

तुझं पत्र मिळालं. जेमतेम आठ ओळी, त्यातल्या दोन हवापाण्याच्या. ‘वरच्यांच्या भानगडीत आपण पडू नये’ हे तू लिहिलंस ते एका परीने बरंच झालं, आईचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं. पण शेवटी तू जे लिहून गेलीस, ते मी सोडणार नाही. त्याबद्दल खाली बोलते. आधी समितीचं ऐक.

एनॉक चर्चला जायच्या सुटात गेला. कॉलर मी दोनदा खळीत घातली होती. लांब टेबल, पलीकडे सगळे हौशी साहेब, आणि टेबलाच्या टोकाला मिस्टर लायोनेल. एनॉकला कुणी बस म्हणालं नाही. अध्यक्षांनी विचारलं, “अंगावर टाकायला तुला कॅप्टनने सांगितलं होतं का?”

आता तूच सांग, काय म्हणायचं त्याने? मी त्याला आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं, खरं काय ते सांगून मोकळा हो. पण नाही! तो म्हणाला, “नाही सर. माझी गोलंदाजी माझी.”

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी हातातली किटली आपटली. म्हटलं, “अरे मेल्या, जीभ झडली होती का तुझी?” तर शांतपणे मला समजावतो, “लॉटी, पगारी माणसाने कॅप्टनकडे बोट दाखवायचं नसतं. त्याने ‘नाही’ म्हणायचं, मग साहेब उठून म्हणतात, नाही, हुकूम माझा होता. असंच असतं ते. खाली मान घालणं आपलं, उठून उभं राहणं त्यांचं.”

“मग उठले का?”

“पाइप साफ करत होते.”

त्याला अजूनही वाटतंय की ते उठतील. आज नाही तर उद्या. बघ ना, कसलं वेड आहे हे! याचे वडील खाणीत असेच मुकादमापुढे गप्प राहत आणि मुकादम माणूस चांगला निघायचा, म्हणून याला वाटतं सगळं जग तसंच चालतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे संन्याशाने आपणहून मान पुढे केलीये. क्लबने त्याला ‘पुढचा निर्णय होईपर्यंत’ घरी बसवलंय. खाणीवर गेला होता काम मागायला. खाण मिस्टर लायोनेलच्या मामांची. मॅनेजर म्हणाला, “थोडं निवळू दे, मग बघू.”

आता तुझं ते वाक्य. तू लिहिलंस, ‘मिस्टर लायोनेल अर्धे झालेत. त्या रात्री जेवताना बाईसाहेबांना म्हणाले, मीच त्याला सांगितलं होतं ममा, आणि सूप तसंच ठेवून उठून गेले.’

ताई, तू तिथे उभी होतीस! सूप तूच वाढत होतीस. बाईसाहेब काय म्हणाल्या तेही तू लिहिलंयस, ‘नोकरांसमोर नको, लायोनेल.’ म्हणजे त्यांनाही कळलं की तू ऐकलंस. अख्ख्या जगात त्यांच्या तोंडून हे ऐकलेली माणसं दोनच, आणि त्यातली एक माझी सख्खी बहीण आहे.

तू ते मला त्यांची दया यावी म्हणून लिहिलंस हे कळतं. लहानपणी लायोनेलला कांजिण्या आल्या तेव्हा त्याच्या उशाशी तू बसलीस, त्याची आई तेव्हा दक्षिण फ्रान्सला होती. तुझं पोर नाही, म्हणून तेच तुझं पोर. मी काही दगड नाही. पण माझ्याही घरात एक माणूस अर्धा झालाय, आणि त्याला सूप वाढून ठेवायलाही कुणी नाही, मी सोडून.

क्लबच्या अध्यक्षांना दोन ओळी लिही. दोनच.

लॉटी


२४ जुलै

ताई,

तो पोरगा गेला. काल दुपारी, शुद्धीवर न येताच.

एनॉकला मी सांगितलं नाही, त्याला रस्त्यावरून कळलं. तो आला, टोपी खुंटीला लावली आणि खुर्चीत बसला तो बसलाच. त्याला चहा देतेय तो गार होतोय. त्या पोराच्या आईचं काय झालं असेल, एवढंच एकदा म्हणाला. मलाही तिचाच विचार येतो, लॉर्डाची बायको असली तरी बाळंतकळा आपल्यासारख्याच आल्या असतील. तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, हे तुला मुद्दाम लिहिते.

पण आता हे क्लबचं राहिलं नाही. पोरगा कसा मेला याची कॉरोनरपुढे सरकारी चौकशी लागलीये, गुरुवारी अकराला, व्हाइट हार्ट खानावळीच्या वरच्या खोलीत. एनॉकने जाणूनबुजून, आपल्या मनाने मारलं असं ठरलं तर खटला उभा राहू शकतो. वकिलाच्या कारकुनाने मला तोंडावर सांगितलं. म्हणाला, “हुकूम होता असं कुणी सांगणारं आहे का?” मी म्हटलं, आहे.

हो, म्हटलं मी! तुला न विचारता म्हटलं. राग आला तर येऊ दे.

तुझ्या दुसऱ्या पत्रात तू काय लिहिलंयस ते मी दहा वेळा वाचलं. ‘टेबलावरचं बोलणं टेबलावर राहतं, तो आमचा धर्म आहे.’ ‘मला शिफारसपत्राशिवाय बाहेर काढतील.’ ‘म्हातारपणी फाटकाजवळची खोली देऊ असं बाईसाहेबांनी म्हटलंय.’ सगळं खरं आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करायला मी तुला सांगतेय, मला माहीत आहे मी काय मागतेय ते. या वयात शिफारसपत्राशिवाय तुला कोण ठेवून घेईल? कुणी नाही. आमच्याकडे राहशील. विनीच्या खोलीत दुसरी खाट मावते. कोबी आणि बटाटे खाशील, रविवारी नशीब असेल तर मटण. हॅल्डन हॉलसारखं पांढरंशुभ्र टेबल इथे नाही, पण तुला कुणी ‘नोकरांसमोर नको’ म्हणणार नाही.

आणखी एक सांगते, जे सांगायचं नव्हतं. एनॉकचा वस्तरा मी पिठाच्या डब्यात लपवलाय. तो दाढी करायला मागतो आणि मी म्हणते, धार लावायला दिलाय. तो मला खोटं पाडत नाही. याच्यावरून काय ते समज.

तू माझी मोठी बहीण आहेस. आई कामावर जायची तेव्हा माझी वेणी तू घालायचीस, फार घट्ट घालायचीस, डोळे ताणले जायचे माझे. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. लग्नात टेबलक्लॉथ दिलास तोही तू आपणहून. आता गुडघे टेकून मागतेय.

ये गं. गुरुवारी ये.

लॉटी


२६ जुलै

ताई,

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा थांबवलं, तो आता आमच्या गल्लीत खाली मान घालून शिरतो.

आज मिस्टर लायोनेलना गावात बघितलं, मोटारीत. एनॉक फुटपाथवर उभा राहिला आणि त्याने टोपीला हात लावला. माझ्या डोळ्यांदेखत! मोटार निघून गेल्यावर म्हणतो, “बघ, साहेबांचा चेहरा किती उतरलाय. उद्या ते सांगतील, लॉटी. शपथेवर माणूस खोटं बोलत नाही, आणि ते तर सभ्य गृहस्थ आहेत.” मी रडले नाही, हसायलाच आलं मला. असं हसले की विनी घाबरली.

हे पत्र दूधवाल्याबरोबर पाठवतेय, म्हणजे तुझ्या बटलरच्या हातात पडायच्या आधी तुला मिळेल. सकाळी साडेनऊची बस हॉलच्या फाटकासमोर थांबते.

लॉटी


३ ऑगस्ट

ताई,

तुझा पत्ता मला हमालाने दिला, ज्याने हॉलवरून तुला काढल्यावर तुझी ट्रंक स्टेशनवर नेली. म्हणाला, बाई एकदाही मागे वळून बघितलं नाही त्यांनी. समुद्रकाठच्या त्या खोलीत तू एकटी कशी राहतेयस, काय खातेयस, मला काही ठाऊक नाही. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितेय.

चौकशीला तू स्वतः होतीस, तुला काय सांगू? पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते. मिस्टर लायोनेल शपथ घेऊन म्हणाले, “मी क्षेत्ररक्षण लावतो, चेंडू कसा टाकायचा ते गोलंदाज ठरवतो.” आणि मागच्या बाकावरून तू उठलीस. काळी टोपी, हातमोजे, सगळं नीटनेटकं. कॉरोनर म्हणाले, “आपण कोण?” तू म्हणालीस, “हेस्टर प्लॉट. हॅल्डन हॉलवर जेवण वाढते.” लोक हसले. तुझा आवाज कापला नाही. एकेक शब्द तू सांगितलास, सूप कुठलं होतं तेसुद्धा. मिस्टर लायोनेलची मान लालबुंद झाली होती, बाईसाहेब खिडकीबाहेर बघत होत्या. मी मनात म्हटलं, सुटलो. देवा, सुटलो आम्ही.

मग त्यांनी एनॉकला परत उभं केलं. “तुमच्या मेहुणीबाई सांगतायत ते खरं आहे का? कॅप्टनने हुकूम दिला होता का?”

आणि माझा नवरा म्हणाला, “नाही सर. बाईंचं वय झालंय. त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल.”

तू खाली बसलीस तेव्हा तुझ्या शेजारची बाई सरकून बसली. ते मी बघितलं. तुझ्यापर्यंत यायला मी गर्दीत कोपरं मारत होते, पण तू मागच्या जिन्याने गेलीस. ‘अपघात’ असा निकाल वाचला गेला तेव्हा मी रस्त्यावर तुला शोधत होते.

तुला जे दिसलं नाही ते आता सांगते. चौकशी सुरू व्हायच्या आधी एनॉक खानावळीच्या मागच्या अंगणात, पिंपांपाशी उभा होता. मिस्टर लायोनेल स्वतः तिथे आले. पुढचं दार सोडून, मागच्या दाराने, एकटे. आणि त्यांनी हात पुढे केला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली खेळतोय, सामना जिंकून दिला तरी ‘शाबास थ्रॉसल’ यापलीकडे काही नाही. त्या दिवशी हातात हात घेतला आणि म्हणाले, “एनॉक, मी हे विसरणार नाही.” साहेबांनी ‘एनॉक’ म्हटलं, ‘थ्रॉसल’ नाही. बस्स. एवढ्यात मिटलं.

मी त्या रात्री त्याला ओरबाडलं, ताई. खरंच, नखांनी. म्हटलं, “तुझ्यासाठी माझ्या बहिणीने म्हातारपण पणाला लावलं, आणि तू तिला भर सभेत खुळी ठरवलंस?” तो म्हणाला, “त्यांनी हात दिला होता गं. हात दिल्यावर वर जाऊन त्यांचं नाव कसं घेऊ?” मी म्हटलं, “आणि हेस्टरने काय दिलं तुला?” तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा माणूस मी बघितलाय, पण हा तर स्वतःच स्वतःचं तोंड दाबतो.

शुक्रवारी क्लबचा निरोप आला, मोसमानंतर सेवेची गरज नाही. तुझे मिस्टर लायोनेल केनियाला निघालेत, मामांची तिथे कॉफीची शेती आहे. करून सवरून नामानिराळे. तोपर्यंत एनॉक वाट बघत होता, मला वाटतं. केनियाचं ऐकलं त्या दिवशी तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, “ते उठणार नव्हतेच ना, लॉटी? पहिल्यापासूनच?” कितीतरी दिवसांनी तो ढसाढसा रडला, लहान मुलासारखा, आणि मी त्याला जवळ घेतलं. काय करणार? माझाच आहे.

मंगळवारी तो आपणहून चालत कॉरोनरच्या कचेरीत गेला. म्हणाला, मला खरं सांगायचंय, हुकूम होता, हेस्टर प्लॉट बाईंनी सांगितलं ते अक्षरन् अक्षर बरोबर आहे. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे. मग विचारलं, “तेव्हा शपथेवर खोटं बोललात की आता बोलताय?” एनॉक म्हणाला, “तेव्हा.” कारकून म्हणाला, “मग घरी जा आणि हे पुन्हा कुणाला सांगू नका. खोटी शपथ घेतल्याबद्दल आत जाल. आणि चौकशी संपलीये, आता हे कुणी ऐकणार नाही.” वर्तमानपत्रवाल्याकडे गेला, त्याने दारातूनच परत पाठवलं. पाद्रीबाबा म्हणाले, गेलेल्या मुलाच्या आत्म्याला शांती लाभू दे.

असा फिरला तो दिवसभर, खरं घेऊन, आणि ते घ्यायला कुणी तयार नाही. परत आला तेव्हा बूट चिखलाने भरले होते. म्हणाला, “एकच माणूस उरलंय ज्याला हे सांगायला हवं. पहिलं त्यांनाच सांगायला हवं होतं.”

शनिवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. माफी माग असं मी त्याला शिकवलेलं नाही, आणि तू माफ कर असं मी म्हणणार नाही. मी तुझ्या जागी असते तर दार उघडलं नसतं. त्याला आत घेऊ नकोस हवं तर. तो जिन्यावर उभा राहील, टोपी हातात घेऊन, आणि जे खानावळीत म्हणायला हवं होतं ते म्हणेल. तू दाराआडून ऐक. खोलीत बसून ऐक. पण ऐक, ताई.

तुझी,
लॉटी